शपथेनं काय जातं, आणि काय आधीच गेलेलं असतं

मंगळवेढ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. मुलगा २००६ साली एमएस करायला अमेरिकेत गेला, तिथेच नोकरीला लागला आणि मग व्हिसा वाढवत वाढवत ग्रीन कार्डाच्या रांगेत थांबला. जून २०२१मध्ये ग्रीन कार्ड मिळालं. आता नागरिकत्वाचा अर्ज दिला आहे, मुलाखतीची वाट बघतो आहे. सर आणि बाई जुळे सोलापुरात राहतात. मंगळवेढ्याला सात एकर काळी जमीन, मुलगी बार्शीला दिलेली. ते विचारतात: शपथ घेतली की जमिनीवरचा मुलाचा हक्क जाणार का? मग त्याआधीच बक्षीसपत्र करून टाकू का? बँकेत आणि मतदार यादीत त्याचं नाव आहे, त्याचं काय करायचं? तो आम्हाला कायमचं तिकडे या म्हणतो, जावं का? आणि पत्राच्या शेवटी, वेगळ्या शाईत: "एवढं सगळं झाल्यावर तो भारताचा काहीच लागत नाही का?"

सर, आधी बक्षीसपत्राचं बोलते, कारण दुय्यम निबंधकांकडे जायची तारीखसुद्धा तुम्ही ठरवली आहे. ती रद्द करा.

सोलापुरात वकिली करताना गेली चोवीस वर्षं परदेशात मुलं असलेल्या घरांचे कागद माझ्या टेबलावर येत आले आहेत. जवळपास प्रत्येक घरात एकच समजूत असते: शपथेचा दिवस म्हणजे दार बंद होण्याचा दिवस, त्याआधी सगळं उरकून घ्यायचं. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत जे बदलायचं होतं त्यातलं बरंचसं तो भारताबाहेर राहायला लागला तेव्हाच बदललं. कुठे राहतो आणि कुठला नागरिक आहे, हे कायद्याच्या दृष्टीनं दोन वेगळे प्रश्न आहेत. जमीन, बँक खातं आणि कर हे मुख्यतः पहिल्या प्रश्नावर चालतं. पासपोर्ट, मत आणि सरकारी पद दुसऱ्यावर. हे दोन धागे वेगळे केले की तुमच्या पत्रातली निम्मी भीती उरत नाही.

शेतजमिनीचं बघा. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, आणि त्याखालचे २०१९चे नियम अनिवासी भारतीयाला आणि ओसीआय कार्डधारकाला, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयाला, घर, फ्लॅट, दुकान विकत घेऊ देतात. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे मात्र विकत घेता येत नाहीत, आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाहीत. हे बंधन दोघांनाही सारखंच आहे. म्हणजे आज भारतीय पासपोर्ट खिशात असतानाही तुमचा मुलगा मंगळवेढ्याची जमीन तुमच्याकडून बक्षीस घेऊ शकत नाही. "शपथेच्या आधी करून टाकू" या घाईला काही अर्थच उरत नाही.

लोक बक्षीसपत्राकडे का धावतात तेही मला कळतं. मुलामुलींच्या नावे शेती बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं, निबंधक कार्यालयात मुलगा कुठे राहतो असं कुणी खोदून विचारत नाही, दस्त नोंदला जातो, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर नाव चढतं. सगळं झाल्यासारखं वाटतं. होटगी रोडवरच्या एका कुटुंबाचं असंच झालं होतं. वडिलांनी अमेरिकेतल्या मुलाला चार एकर बक्षीस दिली. वडील गेले, मुलाला जमीन विकायची वेळ आली, तेव्हा खरेदीदाराच्या वकिलानं दस्ताची तारीख आणि मुलाच्या पासपोर्टवरचे शिक्के शेजारी शेजारी ठेवले. व्यवहार तिथेच थांबला. फेमाच्या भंगासाठी रिझर्व्ह बँकेकडे तडजोडीचा अर्ज करा, दंड भरा, दस्ताचं काय करायचं ते ठरवा, यात त्या घराची जी दमछाक झाली ती मी जवळून बघितली आहे. वडिलांनी मुलाला सोयीचं व्हावं म्हणून केलं होतं.

मग वाट कुठली? वारसा. वारसाहक्कानं शेतजमीन अनिवासी भारतीयालाही मिळते आणि परदेशी नागरिक झालेल्या ओसीआय कार्डधारकालाही मिळते. मृत्युपत्रानं मिळाली तरी तो वारसाच. त्यामुळे तुम्ही बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करा. नोंदणी सक्तीची नाही, पण मी नेहमी करून घेते. दोन साक्षीदार घराबाहेरचे, तुमच्यापेक्षा वयानं लहान आणि शक्यतो सोलापुरातच राहणारे घ्या. सात एकरांतली वडिलोपार्जित किती आणि तुम्ही स्वतः घेतलेली किती, हे जुने फेरफार काढून आधी ठरवावं लागेल. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा आणि मुलीचा हिस्सा जन्मानं आलेला आहे, तिथे तुम्ही फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहू शकता. मुलाचा तो हिस्सा नागरिकत्व बदललं म्हणून जात नाही.

इथे मुलीविषयी एक शब्द, तुम्ही विचारलं नसलं तरी. पत्रात "मुलगी बार्शीला दिली आहे" एवढाच तिचा उल्लेख आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत तिला मुलाइतकाच हिस्सा दिला आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तो जन्मानंच मिळतो हे स्पष्ट केलं. मुलगा सातासमुद्रापार आहे म्हणून त्याचा हक्क वाचवायची जी धडपड तुम्ही करता आहात, तेवढीच काळजी तिच्या हिश्श्याचीही घ्या. पुढे मुलाला वाटलं की शेती बहिणीनंच बघावी, तर तो तिच्या नावे हक्कसोडपत्र करू शकतो. भारतात राहणाऱ्या माणसाला शेतजमीन हस्तांतर करायला अडचण नाही. अडचण येते ती दुसऱ्या अनिवासी माणसाला विकायची झाली तर.

तुमच्यानंतर मुलाच्या नावे जमीन आली की तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीची वर्दी द्यायची. तो तिकडे असेल तर मुखत्यारपत्र लागेल. ते तिकडे नोटरी करून अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिकडच्या सरकारचा दाखला) किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवतात, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं असतं. ही तीन महिन्यांची मुदत किती जण विसरतात, ते सांगायला नको. पाकीट आलं की देवापुढे ठेवू नका, माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुणा वकिलाकडे लगेच पाठवा.

बँकेचंही तसंच. कॉलेजात असताना काढलेलं त्याचं बचत खातं तुम्ही अजून चालवता आहात, त्यात शेतीचे थोडे पैसेही टाकता. तो नोकरीसाठी बाहेर गेला तेव्हाच ते खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथलं खातं, व्हायला हवं होतं. शपथेचा याच्याशी संबंध नाही. उशीर झालाय, एवढंच. त्यानं बँकेला कळवावं आणि खातं बदलून घ्यावं. पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतो, नवा उघडता येत नाही. एनआरओमधून पैसे तिकडे न्यायचे तर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, सीएचा दाखला जोडून. तुमच्या सात एकरांसाठी ही मर्यादा कधी आड येणार नाही.

पण एक गोष्ट तुम्ही प्रेमानं केलीत आणि तीच त्याला अडचणीची ठरू शकते. तुमच्या पाचही मुदतठेवींवर त्याचं नाव सहखातेदार म्हणून घातलं आहे. अमेरिकेत राहणाऱ्यानं, मग तो ग्रीन कार्डवाला असो की नागरिक, देशाबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षातल्या एखाद्याही दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची माहिती तिथल्या सरकारला द्यायची असते. पैसे तुमचे असले तरी नाव त्याचं आहे, म्हणून मोजले जातात. भारत आणि अमेरिकेत २०१५मध्ये करार झाल्यापासून इथल्या बँका अशा खात्यांची माहिती तिकडे कळवतात. मुलानं आजवर हे भरलंय का, ते विचारा. भरलं नसेल तर नागरिकत्वाच्या मुलाखतीआधी तिकडच्या कर सल्लागाराशी बोलून ते नीट करून घेऊ दे, कारण त्या अर्जात कराविषयी प्रश्न असतातच. इथून पुढे ठेवींवर त्याला खातेदार करण्याऐवजी फक्त नॉमिनी ठेवा. तुमचा हेतू तेवढ्यानं साधतो.

आता शपथेनं जे खरोखर जातं त्याकडे येते.

भारतीय राज्यघटनेचं नववं कलम आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम, दोन्हींचा आशय एकच आहे: स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. कुठला अर्ज नाही, नोटीस नाही. तो सभागृहात हात वर करून शपथेचे शब्द म्हणेल आणि त्या क्षणी ते झालेलं असेल. त्या शपथेत आजवर ज्या राज्याचे आपण नागरिक होतो त्याची निष्ठा पूर्णपणे सोडतो, असं एक वाक्य आहे. मुलानं ते तुम्हाला फोनवर वाचून दाखवलं आणि तुम्ही रात्रभर जागे होतात, असं पत्रात लिहिलंय. सर, ते वाक्य जड आहे, मी ते हलकं करून सांगणार नाही. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी काही जण ते म्हणताना रडले आहेत.

त्या दिवसानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. तो वकिलातीमार्फत जमा करून रद्द करून घ्यायचा आणि त्याचा दाखला घ्यायचा, ज्याला सरेंडर सर्टिफिकेट म्हणतात. पासपोर्टची मुदत अजून सात वर्षं आहे म्हणून तो वापरत राहणारे लोक मी बघितले आहेत. पुढे ओसीआय काढायला गेले की त्या प्रत्येक प्रवासाचा हिशेब निघतो आणि दंड बसतो. रद्द झालेला जुना पासपोर्ट मात्र परत मिळतो. तो जपून ठेवायला सांगा, तो भारतीय होता याचा तोच सगळ्यात सोपा पुरावा आहे.

आणि इथेच माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. शपथ झाल्यानंतर काही आठवडे, कधी काही महिने, मुलाकडे भारतात येण्यासाठी कुठलाच तयार कागद नसतो. भारतीय पासपोर्ट चालत नाही. अमेरिकी पासपोर्टसाठी अर्ज करायचा, तो आला की सरेंडर, मग ओसीआय. ग्रीन कार्डही शपथेच्या दिवशी काढून घेतात. काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडवरच्या एका घरात मुलाची शपथ झाली आणि पुढच्याच आठवड्यात वडिलांना झटका आला. तो तातडीच्या पासपोर्टसाठी धावला, मग तातडीच्या व्हिसासाठी. तो सोलापूर स्टेशनवर उतरला तेव्हा वडिलांचं दहावं होऊन गेलं होतं. त्याच्या आईनं मला नंतर विचारलं, "हे आधी कुणी सांगितलं का नाही?" तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी हेच सांगते.

तुमची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर ठरली आहे. मुलाला स्पष्ट सांगा. शस्त्रक्रियेला यायचं असेल तर शपथेआधी, भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्डावर येऊन जावं. शपथेचं बोलावणं त्याच सुमाराला आलं तर लेखी कारण देऊन तारीख पुढे मागता येते. न कळवता मात्र गैरहजर राहायचं नाही, दोनदा तसं झालं तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. आणि गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत नातवंडांना घेऊन येणार असेल, तर ओसीआय हातात आल्यावरच तिकिटं काढावीत.

अमेरिकेतली प्रक्रिया आता त्याच्यासाठी तशी सोपी उरली आहे, म्हणून थोडक्यात सांगते. ग्रीन कार्डाची पाच वर्षं, त्यातले निदान तीस महिने प्रत्यक्ष तिथे मुक्काम. पाच वर्षं भरायच्या ९० दिवस आधी अर्ज देता येतो. ऑनलाइन अर्जाला सध्या ७१० डॉलर लागतात. इंग्रजी वाचून-लिहून दाखवायचं आणि इतिहास-राज्यव्यवस्थेची तोंडी परीक्षा. २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज केलेल्यांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर आले की पास. तुमचा मुलगा या गटात येतो. जुन्या १०० प्रश्नांच्या यादीवर अभ्यास करत असेल तर त्याला थांबवा. सुनेचा अर्ज वेगळा, तिची मुलाखत आणि परीक्षाही वेगळी. नातवंडं तिथे जन्मली, ती जन्मानंच तिथली नागरिक आहेत.

अडकायच्या जागा दोन. पहिली, लांबचा मुक्काम. एका सहलीत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर सलग वास्तव्य तुटलं असं धरून चालतात, आणि नाही तुटलं हे आपण सिद्ध करायचं. बाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तो इथे आला होता ते नेमके किती दिवस, हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून काढून ठेवा. दुसरी, मतदान. तिकडे ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणीची चौकट असते; नागरिक नसताना कुणी चुकून त्यावर खूण केली असेल तर ते गंभीर धरतात. मुलाखतीत हा प्रश्न थेट विचारला जातो. तसं काही झालं असेल तर खोटं न बोलता, तिकडच्या इमिग्रेशन वकिलाला आधी विचारून जावं.

इथल्या मतदार यादीचंही तुम्ही विचारलंत. आजवर त्याचं नाव यादीत असण्याला हरकत नव्हती असं नाही, कारण इथे राहत नसलेल्यानं साधा मतदार म्हणून राहायचं नसतं. परदेशातल्या भारतीयांसाठी वेगळा फॉर्म ६ए आहे. पण शपथेनंतर प्रश्नच मिटतो, नागरिक नाही म्हणजे मतदार नाही. फॉर्म ७ भरून नाव कमी करून घ्या. निवडणुकीच्या आधी कुणी घरी येऊन "राहू द्या की ओ सर, मत वाया जातं" म्हणालं तरी ऐकू नका.

आता नावाविषयी, कारण सोलापुरात सगळ्यात जास्त घोळ नावाचेच असतात. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. आपल्याकडच्या तेलुगू भाषक घरांत आडनाव आधी लावायचीच रीत आहे. मग पासपोर्टवर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, अमेरिकेत पहिलं नाव म्हणून आडनाव, आणि सातबाऱ्यावर तिसरंच काहीतरी. नागरिकत्वाच्या वेळी तिकडे नाव बदलायची सोय असते, न्यायालयात शपथ होत असेल तर न्यायाधीश ते मंजूर करतात. तिकडच्या लोकांना उच्चारायला सोपं जावं म्हणून मुलं नाव छोटं करतात, वडिलांचं नाव गाळतात. त्याला सांगा, शक्यतो करू नकोस. वीस वर्षांनी मंगळवेढ्याच्या तलाठ्यापुढे, पॅन कार्डावर आणि बँकेत, तो आणि सातबाऱ्यावरचा तो एकच माणूस आहे हे सिद्ध करायला लागेल. करायचंच असेल तर नाव बदलल्याच्या आदेशाच्या प्रती चार-पाच काढून, एक अपोस्टिल करून सोलापूरच्या फाईलीत ठेवावी.

त्याच्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही, हे तुम्ही लिहिलंत. १९८३च्या सुमाराच्या दाखल्यांत हे सर्रास आढळतं. नगरपरिषदेत नाव घालता येतं का ते विचारा. नाही जमलं तर तोच दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन ज्येष्ठ नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं मिळून काम चालतं. मात्र हे आताच करा. त्याच्या आत्याला सगळं आठवतंय, ती सही करू शकते, तोवर करा.

हा दाखला तुमच्या पुढच्या प्रश्नासाठीही लागेल. नागरिक झाल्यावर, वय एकवीसच्या वर असल्यानं, तो आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकतो. पालकांना वर्षाला किती ग्रीन कार्डं द्यायची याला मर्यादा नाही, त्यामुळे त्याला स्वतःला लागली तशी रांग तुम्हाला लागणार नाही. त्याची रांग का लांबली हे तुम्हाला एकदा नीट सांगते, कारण "हुशार मुलाला एवढी वर्षं का लागली" हा सल तुमच्या पत्रात दोनदा आला आहे. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० असतात आणि त्यात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त द्यायची नाहीत असा १९९०च्या कायद्याचा दंडक आहे. देश लहान असो की भारतासारखा, टक्का तोच. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची एरवीची कमाल मुदत सहा वर्षांची. रांगेतल्यांना ती पुढे वाढवत राहता येते, पण नोकरी गेली की हातात साठ दिवस. तुमच्या मुलानं ती सगळी वर्षं मालक बदलताना, घर घेताना, तुम्हाला भेटायला येताना नोकरी गेली तर काय, हे डोक्यात ठेवूनच काढली. त्यात त्याच्या हुशारीचा काही दोष नव्हता.

तरी तुम्ही ग्रीन कार्ड घ्यावं का? माझं मत, आत्ता नको. ग्रीन कार्ड म्हणजे तिकडे कायम राहण्याचा परवाना. ते घेऊन वर्षातले दहा महिने जुळे सोलापुरात राहिलात तर एखाद्या दिवशी विमानतळावर तुम्हाला विचारतील आणि ते जाईल. तिकडच्या सरकारी आरोग्य विम्यात जायलाही आधी सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. तोवर सत्तरी उलटलेल्या दोघांचा खासगी विमा मुलाला झेपेल का, हे त्याच्याशी आकडे मांडून बोला. तुमच्याकडे दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा आहे. चार महिने नातवंडांजवळ, आठ महिने इथे, हे तुम्हाला आजवर मानवलंय. ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला की पर्यटक म्हणून जाताना "तुम्ही परत जाणार का" हा प्रश्न कडक होतो. दोघांपैकी एकटं उरल्यावर निर्णय वेगळा असू शकतो, तो त्या वेळी घेता येईल. त्याच्या नागरिकत्वामुळे हा मार्ग मोकळा राहतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तो भारताचा काही लागतो का?

कायद्यात लागतो. ओसीआय हे नाव "ओव्हरसीज सिटिझन" असं असलं तरी ते दुहेरी नागरिकत्व नव्हे, हे लोकांना मी पुन्हा पुन्हा सांगते. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण आयुष्यभराचा व्हिसा आहे, कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलिसांकडे नोंद नको. आणि ओसीआय होऊन पाच वर्षं झाली, भारतात येऊन बारा महिने राहिलं, तर पुन्हा भारताचं नागरिकत्व मागता येतं. तेव्हा अमेरिकेचं सोडावं लागतं. नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमात ही वाट आहे. थोड्या लोकांनीच ती वापरली असेल, पण आहे.

आणि एक गोष्ट मुलानं तुम्हाला सांगितली नसेल, कदाचित त्याच्याही लक्षात आली नसेल. आजवर तो एरवी तुमच्याकडे तीन आठवड्यांपेक्षा जास्त का राहिला नाही? आधी व्हिसाची भीती, मग ग्रीन कार्ड जाईल ही भीती. बाईंच्या ऑपरेशनला तो जास्त दिवस थांबला तेव्हा तिकडून त्याच्या वकिलाचा फोन आला होता, हे तुम्हीच लिहिलंत. अमेरिकेचा पासपोर्ट आणि ओसीआय हातात असलेला मुलगा वर्षभर मंगळवेढ्यात राहिला तरी त्याचं तिकडचं काही जात नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला तुमच्या आजारपणात दिवस न मोजता थांबता येईल. नोकरी, मुलांची शाळा या अडचणी असतीलच, पण कागद आड येणार नाही.

या आठवड्यात एवढं करा. सातबारा, आठ-अ आणि १९७०पासूनचे फेरफार काढायला सांगा. पाचही ठेवींच्या पावत्या, मुलाचा जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला एका पिशवीत घ्या. शनिवारी सकाळी या, आणि बाईंनाही आणा. जुळे सोलापूरचं घर दोघांच्या नावावर आहे, मृत्युपत्रं दोन करायची आहेत. मुलीला फोन लावून ठेवा. तिच्याशी मला आधी बोलायचं आहे.